ललित गद्यावरचा अभिप्राय: आपण मजकूर वाचतो की लिहिणाऱ्याचे आयुष्य तपासतो?

धागाकर्ती, मालवण

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सात-आठ जण आपापले लेखन वाचून दाखवण्यासाठी जमतो. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, टपाल कार्यालयातील एक ताई आहेत, एक रापणकराचा मुलगा आहे, आणि गणपतीला किंवा मे महिन्यात गावी आलेले चाकरमानीही अधूनमधून येऊन बसतात. कथा क्वचितच वाचली जाते. बहुतेकांना आपल्या घराविषयी, विकलेल्या बागेविषयी, गेलेल्या माणसांविषयी लिहायचे असते, आणि त्या सगळ्याला आम्ही सैलपणे 'ललित' म्हणतो. गेल्या बैठकीत आमच्याकडून एक चूक झाली. त्या चुकीत माझा भाग मोठा असल्यामुळे, आणि ज्याच्या लेखाविषयी ती झाली त्याची फोनवर परवानगी घेतली असल्यामुळे, येथे सविस्तर लिहीत आहे.

रापणकराच्या मुलाने वडिलांवर लिहिलेली पाच पाने वाचली. रापण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: होडीतून मोठे जाळे किनाऱ्यालगतच्या पाण्यात अर्धवर्तुळाकार सोडत नेतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगांत उभी राहिलेली माणसे ते ओढून घेतात, मिळालेल्या मासळीचे मग वाटे पडतात. त्याच्या लेखात अशी एक सकाळ होती. वडिलांनी दोर हातात धरला, समुद्राकडे न पाहता पायाखालच्या वाळूकडे पाहिले, "वारो फिरलो" एवढेच म्हणाले आणि रापण थांबवली. पुढे घरची ओढाताण होती, आणि त्याच हंगामात वडिलांनी आपला वाटा शेजारच्या एका विधवा बाईच्या दारात नेऊन ठेवल्याची हकीकत होती. शेवटची दीड पाने वडिलांच्या मोठेपणाविषयी होती.

वाचन संपल्यावर पहिला अभिप्राय आला, "फारच हृदयस्पर्शी." दुसऱ्या गृहस्थांनी, घरात ओढाताण असताना वडिलांनी वाटा दुसऱ्याला देणे योग्य होते का, असा प्रश्न काढला आणि त्यावर वीस मिनिटे चर्चा झाली. तिसऱ्यांनी 'वारो फिरलो' हे 'वारा फिरला' असे करावे, म्हणजे सर्वांना कळेल, असे सुचवले. मी म्हणाले की शेवट थोडा लांबला आहे. कुठपासून लांबला असे त्याने विचारले, तेव्हा मला नेमकी ओळ दाखवता आली नाही. त्याने पाने दुमडून पिशवीत ठेवली, सर्वांचे आभार मानले आणि चहा न घेता तो निघून गेला.

या गोंधळाचे मूळ 'ललित' या शब्दापाशी आहे, असे मला वाटते. ललित वाङ्मय म्हटले की त्यात कथा-कादंबरी येते. ललित गद्य म्हटले की लघुनिबंध, व्यक्तिचित्र, आठवणी, प्रवासवर्णन, स्थलवर्णन अशी प्रत्यक्ष घडलेल्याला बांधलेली रूपे येतात. इंग्रजीत या क्षेत्राला 'क्रिएटिव्ह नॉनफिक्शन' हे नाव रुळले आहे आणि हे घडलेले आहे, ही ग्वाही त्या नावातच दिलेली असते. आपल्या शब्दात ती नाही, त्यामुळे ऐकणारा कधी लेखाला कथा समजून घटना बदलायला सांगतो, तर कधी जबानी समजून उलटतपासणी घेतो. वास्तविक प्रत्येक रूपाचे वाचकाशी वेगळे बोलणे झालेले असते. आठवणी लिहिणारा 'मला असे आठवते' एवढेच कबूल करतो. व्यक्तिचित्र लिहिणारा माणूस समोर उभा करण्याचे कबूल करतो, त्याला चांगला ठरवण्याचे नव्हे. प्रवासवर्णनात स्थळ आणि अंतर चुकून चालत नाही. लघुनिबंधात घटना किरकोळ असली तरी चालते, पण विचाराची चाल लेखकाची स्वतःची असावी लागते. हे न ओळखता दिलेला अभिप्राय कितीही आपुलकीचा असला तरी समोरच्या लेखाला लागत नाही. आमचा मित्र व्यक्तिचित्र वाचत होता आणि आम्ही एका कुटुंबाच्या वागण्याचा निवाडा करत बसलो.

किनाऱ्यावरच्या इतर गावांतही अशा बैठका होतात, हे मला ठाऊक आहे. आपण तेथे काय करता, हे जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद: देवगड

ताई, मी तीस वर्षे मराठी शिकवले आणि आता घरची कलमे सांभाळतो. वह्या तपासणाऱ्या माणसाला चूक आधी दिसते आणि वाक्य नंतर. ही सवय मोडायला मला बराच काळ लागला. आता मी कोणाचेही लेखन वाचताना लाल शाई घेत नाही. शिसपेन्सिलीने समासात दोनच खुणा करतो. जेथे वाचता वाचता थांबून मी मागे गेलो तेथे एक उभी रेघ, आणि जेथे माझे लक्ष निसटले तेथे एक टिंब. एवढे करून पाने परत देतो आणि लेखकाने विचारले तरच रेघेचे व टिंबाचे कारण सांगतो. कारण सांगताना 'हे वाईट आहे' असे म्हणावे लागत नाही. 'येथे मी आजीच्या मागोमाग चाललो होतो, पुढच्या परिच्छेदात ती कोठे गेली हे मला कळले नाही' असे म्हणता येते. लेखकाला ते पटो वा न पटो, माझ्या वाचनात घडलेली ती गोष्ट खरी असते.

'वारो फिरलो' बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलण्यातला शब्द कळण्यासाठी प्रत्येक वेळी त्याचा अर्थ द्यावा लागत नाही. शेजारच्या वाक्यांनी तो उचलून धरला की पुरते. येथे तर वडील ते शब्द म्हणतात आणि रापण थांबते. कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या वाचकालाही त्यानंतर शंका राहणार नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत असेल, तर अभिप्राय देणाऱ्याने एवढेच पाहावे की संवाद त्या माणसाच्या तोंडचा आहे की नुसता रंग चढवण्यासाठी घातलेला आहे.

'हृदयस्पर्शी' म्हणणाऱ्याला मात्र दोष देऊ नये. त्याला फक्त पुढचा प्रश्न विचारावा: कोणत्या वाक्याशी? बहुतेकांना ते वाक्य सांगता येते, कारण ते त्यांनी लक्षपूर्वक ऐकलेले असते. आपणच ते विचारत नाही.

प्रतिसाद: चिपळूण

आमच्याकडे दोन नियमांनी फरक पडला. पहिला म्हणजे लेख चार दिवस आधी सर्वांच्या हाती जातो, कारण कानाने एकदाच ऐकलेल्या मजकुरावर ढोबळ मतच देता येते आणि नेमकी ओळ दाखवता येत नाही. धागाकर्तीची अडचण झाली ती बहुधा यामुळेच. दुसरा म्हणजे ७५० शब्दांची मर्यादा. 'ब्रेव्हिटी' हे इंग्रजी नियतकालिक छोट्या ललित गद्यासाठी हीच मर्यादा पाळते आणि आम्ही ती तेथून घेतली. ७५० शब्दांत वडिलांचे सबंध आयुष्य बसत नाही, एक सकाळ बसते. लेखकाला तेथे निवड करावीच लागते.

प्रतिसाद: रत्नागिरी

मी महाविद्यालयात शिकवते, म्हणून थोडे पद्धतींविषयी लिहिते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली आणि तिच्यामुळे एक रिवाज सर्वदूर पसरला: लेखनावर चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचे. याचा फायदा असा की लेखक बचाव करत बसत नाही आणि मजकुराला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. परंतु आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी उचलली की काय होते, ते मी पाहिले आहे. खाडीकाठच्या एका विद्यार्थिनीने खाजणाविषयी, म्हणजे भरतीचे खारे पाणी शिरणाऱ्या खाडीलगतच्या जमिनीविषयी, लिहिले होते. वर्गातील निम्म्या मुलांना खाजण म्हणजे काय हेच नेमके ठाऊक नव्हते. पंधरा मिनिटे त्यांनी तर्क लढवले आणि ज्या एका व्यक्तीला उत्तर माहीत होते तिला बोलायची मुभा नव्हती. हा वेळ वाया गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे आपले जगणे समजावून सांगण्याइतकेही आपण महत्त्वाचे नाही, असे तिला वाटले.

त्यानंतर मी लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेने १९९० साली मांडलेली पद्धत वापरू लागले. तिचे चार टप्पे आहेत. आधी ऐकणारे आपल्याला काय भिडले, काय लक्षात राहिले ते सांगतात. मग लेखक स्वतः प्रश्न विचारतो. तिसऱ्या टप्प्यात ऐकणारे प्रश्न विचारतात, मात्र त्या प्रश्नात मत दडवलेले चालत नाही. शेवटी मत, तेही लेखकाची परवानगी घेऊन. यातला तिसरा टप्पा सर्वांत अवघड आहे आणि त्याचाच सराव करायला हवा. 'शेवट इतका लांब का केला?' हा प्रश्न दिसतो, पण ते मत आहे. 'शेवटच्या दीड पानांतून वाचकापर्यंत काय पोहोचावे असे तुम्हाला वाटते?' हा खरा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर देताना लेखकालाच कळू शकते की ते आधीच्या साडेतीन पानांत पोहोचलेले आहे.

आपल्या गावांत चौथा टप्पाही वेगळ्या कारणाने उपयोगी पडतो. समोर आपले सर किंवा वयाने मोठे काका बसलेले असतील तर तरुण माणूस मत देतच नाही. मान राखायचा असतो. परंतु सरांनीच विचारले की 'मत सांगतोस का?', तर तो सांगू शकतो आणि मर्यादाही मोडत नाही.

प्रतिसाद: श्रीवर्धन

रूप ओळखण्याविषयी धागाकर्ती जे म्हणतात त्याला माझ्या अनुभवाची जोड देते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा सासऱ्यांनी राखलेली नारळी-पोफळीची वाडी आडवी झाली. मी त्यावर तीनदा लिहायला बसले आणि प्रत्येक वेळी लेख विलापाच्या सुरात गेला. शेवटी मी तो पंचनाम्याच्या रूपात लिहिला. झाडाचा प्रकार, संख्या, अंदाजे वय, नुकसानीचे स्वरूप, शेरा. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा खेकडा आपण सर्वांनी ओहोटीच्या वेळी पाहिलेला आहे. त्याचे पोट मऊ असते, म्हणून त्याला उसने कवच लागते. ब्रेंडा मिलर आणि सुझॅन पाओला या अमेरिकन लेखिकांनी २००३ मध्ये अशा निबंधाला त्या खेकड्याचेच नाव दिले: पाककृती, अर्ज, तक्ता, सूचनापत्रक असे एखादे परके कवच घेऊन आतला हळवा मजकूर सांभाळायचा.

माझ्या लेखाच्या शेवटी मी पंचनामा सोडून एक परिच्छेद साध्या गद्यात लिहिला होता आणि त्यात वाडीविषयीचे दुःख सांगितले होते. गटातील एका मैत्रिणीने तो परिच्छेद गाळा असे म्हटले नाही. ती म्हणाली, "तुमच्या तक्त्यात झाड कोणी लावले याला रकाना नाही, हे मला सातव्या ओळीपाशी जाणवले आणि पुढचे सगळे मी तेच मनात धरून वाचले." मी घरी जाऊन तो परिच्छेद स्वतःच काढला. माझ्या आजवरच्या लेखनाला मिळालेला तो सर्वांत उपयोगी अभिप्राय होता, आणि त्यात एकही सूचना नव्हती.

प्रतिसाद: पेण

आमच्या तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे यांची आठवण येथे करणे भाग आहे. घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून ते उत्तरेकडे निघाले, १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, आणि ही सगळी हकीकत सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढली. भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' प्रसिद्ध केले तेव्हा मजकुरात आपल्या हाताने फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ साली वाचकांसमोर आली.

मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. इतक्या वर्षांनंतर लिहिलेल्या हकीकतीत तारखा इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणून इतिहासाचा अभ्यासक ती इतर साधनांशी ताडून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला परतणारा माणूस वाचकाला दिसतो तो तारखांमुळे दिसत नाही. अभिप्राय देताना ही दोन कामे वेगळी ठेवावीत: तपशील चुकला असेल तर तो स्वतंत्रपणे, शक्यतो एकट्याला गाठून सांगावा आणि लेखनाविषयीचे बोलणे त्यात मिसळू नये. दुसरी गोष्ट संपादनाची. वैद्यांचा हेतू वाचकाच्या सोयीचा असेल, पण गोडसे भटजींचे स्वतःचे गद्य कसे होते हे कळायला लोकांना आणखी एकोणसाठ वर्षे थांबावे लागले. मित्राच्या लेखातले वाक्य आपण आपल्या पद्धतीने लिहून त्याच्या हाती देतो तेव्हा, लहान प्रमाणात का होईना, आपण हेच करतो.

प्रतिसाद: डोंबिवली (मूळ गाव वेंगुर्ले)

सर्वांशी बहुतांशी सहमत आहे, पण एका मुद्द्यावर वेगळे म्हणायचे आहे. वडिलांनी वाटा द्यायला हवा होता का, या प्रश्नाला धागाकर्तीने निवाडा म्हटले. प्रश्न ज्या रूपात आला त्या रूपात तो निवाडाच होता. तरीही तो कोणाच्या तरी मनात आला, म्हणजे लेखात काही तरी मोकळे राहिले होते, हेही खरे. मी लेख ऐकलेला नाही, पण वरच्या सारांशात मला एक माणूस दिसत नाही. घरात चूल ज्या बाईने चालवली ती त्या दिवशी काय म्हणाली? वडिलांचे मोठेपण दीड पान सांगावे लागते ते बहुधा ती लेखात नसल्यामुळे. अस्वस्थ वाचकाला गप्प करण्याऐवजी त्याच्या अस्वस्थतेचा असा उलगडा केला, तर ती लेखकाच्या कामी येते.

शेजारच्या बाईंविषयीही बोलायला हवे. गावात विधवा म्हटले, घर शेजारचे म्हटले, की नाव न घेताही ओळख पटते. कथेत माणूस बदलता येतो, व्यक्तिचित्रात बदलला तर ग्वाही मोडते. म्हणून त्या बाई हयात असतील तर लेख छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावा, असे मला वाटते. त्यांनी नाही म्हटले तर तो प्रसंग सोडावा लागेल, याची तयारी ठेवून.

प्रतिसाद: ज्याच्या लेखावर हा धागा आहे तो, मालवण

ताईंनी धाग्याचा दुवा पाठवला. मी त्या दिवशी रागावून गेलो नव्हतो. माझ्याकडे उत्तरे नव्हती, म्हणून गेलो. देवगडच्या सरांचा प्रतिसाद वाचल्यावर मी स्वतःच्या पानांवर पेन्सिलीने खुणा करून पाहिल्या. शेवटच्या दीड पानांत नऊ टिंबे आली.

डोंबिवलीच्या काकांच्या प्रश्नाने मला दोन रात्री झोप आली नाही. आई त्या सकाळी किनाऱ्यावर होती आणि मी तिला लेखात घेतलेच नव्हते. तिला मी परवा विचारले. ती काही बोलली नव्हती, पण तिने काय केले ते मला लगेच आठवले, कारण मी तिच्या शेजारीच उभा होतो.

शेजारच्या काकींना मी लेख वाचून दाखवला. त्यांनी हरकत घेतली नाही. एकच दुरुस्ती सांगितली. मी लिहिले होते की बाबांनी एकदा वाटा ठेवला. त्या म्हणाल्या, "एकदाच नाय, चार म्हयने." हे मला माहीतच नव्हते. आता बाबा नाहीत, म्हणजे विचारले नसते तर ते कोणालाच कळले नसते.

सुरुवातीचा परिच्छेद पुन्हा लिहिला आहे. बाबांनी वाळूत काय पाहिले, हे मला माहीत होते, पण सर्वांना माहीत असणारच असे समजून मी ते लिहिले नव्हते.

"बाबांनी दोर धरला तेव्हा त्यांची टाच ओल्या वाळूत रुतलेली होती. लाट परतली आणि टाचेच्या डाव्या अंगाची वाळू धुऊन गेली, उजव्या अंगाची तशीच राहिली. फेसाची रेघ सरळ मागे न जाता कातळाच्या बाजूला तिरकी सरकली. 'वारो फिरलो,' बाबा म्हणाले. दोन्ही रांगांतल्या कोणीही का म्हणून विचारले नाही. आई टोपली घेऊन उभी होती. तिने टोपली वाळूवर उलटी घातली आणि तिच्यावर बसली."

शेवटची दीड पाने काढली आहेत. चार महिन्यांची गोष्ट कोठे घ्यावी, हे अजून ठरत नाही.

धागाकर्ती, मालवण

उलट्या टोपलीपाशी मी थांबले आणि परत टाचेपर्यंत मागे गेले. देवगडच्या सरांच्या भाषेत तेथे उभी रेघ. 'कोणीही का म्हणून विचारले नाही' या वाक्यापाशी मात्र माझे टिंब पडते, कारण तेथे मला लेखकाचा आवाज ऐकू आला आणि क्षणभर किनारा दिसेनासा झाला. आईची टोपली तेच सांगते आहे, असे मला वाटले. हे मत तू विचारण्याआधीच दिले, त्याबद्दल रत्नागिरीच्या ताईंची क्षमा मागते.

चार महिन्यांच्या गोष्टीविषयी एक प्रश्न विचारते. त्या चार महिन्यांत काकींच्या दारात वाटा कोण नेऊन ठेवत होते, बाबा स्वतः की आई? हे तुला माहीत असेल तर येत्या दुसऱ्या रविवारी सांग. पाने शक्य तर बुधवारपर्यंत वाचनालयात ठेव, म्हणजे सर्वांसाठी प्रती काढून ठेवते.